म्हशीच्या पोटातलं काम

हरणाबाईच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडू.

गंजीत कडबा सहाशे पेंढ्या. दावणीला एक म्हैस आणि तिचीच दोन वर्षांची वगार. दोघींना मिळून दिवसाला सहा पेंढ्या, म्हणजे शंभर दिवस. मार्चच्या मध्यापासून धरलं तर जून सरता सरता गंजीच्या जागी नुसती जमीन राहणार. आणि हिवरवाडीच्या माळावर जनावराच्या दाताला लागेल असं गवत यायला पोळा तोंडावर यावा लागतो. मधले पन्नास दिवस कोरडे. त्यात ज्वारी ऐन काढणीला अवकाळीत सापडली. पाला काळा पडला आणि ताटांचे बुडखे असे टणक झाले की म्हैस वरचंवरचं ओढून खायची आणि उरलेलं पायाखाली तुडवायची. ते चगाळ रोज सकाळी उकिरड्यावर टाकताना हरणाबाईचा जीव तुटायचा. हे तुडवलेलं जर पोटात गेलं असतं तर शंभराचे दीडशे दिवस होत होते, आणि म्हैस विकायची पाळी येत नव्हती.

म्हैस विकणं म्हणजे नुसती म्हैस विकणं नव्हतं. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. एकुलती लेक वाशीला दिलेली. शेत बटईनं भागवतकडे. घरात रोज उठून चूल पेटवायला जे कारण होतं ते दोन वेळच्या दुधाचं होतं. म्हैस गेली की जावई येणार, अगदी आदरानं येणार, आणि म्हणणार, आता एकट्या कशाला राहता. चांगला माणूस आहे तो, पण जावयाच्या दारात बसून भाकरी खायची म्हटल्यावर हरणाबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि ही भाकरी अजून भाजलीही नव्हती.

तर हिशेब चोख होता. त्यात एकच गोष्ट उसनी घेतलेली होती, आणि ती समृद्धीबाईंकडून घेतलेली होती.

समृद्धी लोहाऱ्याच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. तासांवर. आठ वर्षं तासांवर. जितके तास तितका पगार, आणि तोही वर्षातून एकदा, कारकुनाला आठवलं तर. वय तेहतीस. पीएच.डी. झाली की कायम जागेसाठी अर्ज करता येणार होता, म्हणून गेली सात वर्षं ती शेणामागं लागली होती. म्हणजे शब्दशः. हिवरवाडीत ती पहिल्यांदा आली ती प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्ट्या घेऊन. चौदा घरांच्या गोठ्यांतून तिनं ताजं शेण गोळा केलं, पिशव्यांवर नंबर टाकले. गावानं तोंडाला पदर लावून हसून घेतलं. ईरण्णा म्हणाले, आज नंबर दिलाय, उद्या हजेरी घेतील.

ईरण्णा कोण, तेही सांगायला हवं. हिवरवाडीच्या सरपंच अयोध्याबाई. सही त्यांची, शिक्का त्यांचा. बोलणं मात्र त्यांचे यजमान ईरण्णा करायचे. अयोध्याबाई कमी बोलायच्या आणि गावात तेवढ्याच वाचायच्या, असं म्हणतात.

जनावर काडी खातं खरं, पण काडीचा कणा, ज्याला सेल्युलोज म्हणतात, तो जनावराला स्वतःला पचवता येत नाही. ते काम त्याच्या पोटातले जिवाणू करतात, आणि त्यांतले काही शेणातून बाहेर पडतात. समृद्धीनं ते जिवाणू काचेच्या ताटल्यांत वाढवले, त्यांना खायला सेल्युलोज घातलं, आणि वरून लाल रंग ओतून धुतला. ज्या ठिपक्यानं जास्त खाल्लं त्याच्याभोवतीचं फिकट कडं मोठं. चौदा घरांत सगळ्यांत मोठं कडं निघालं ते हरणाबाईच्या म्हशीच्या शेणातलं. ही बातमी समृद्धीनं स्वतः येऊन सांगितली, तेव्हा हरणाबाईनं म्हशीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. चार दिवस ती पाण्याला जाताना सांगत होती की आमच्या म्हशीचं पोट पयल्या नंबरानं पास झालं.

मार्चमध्ये समाजमंदिरात बैठक झाली. शाळेमागं तीन खड्डे खणलेले होते. त्यांत सोयाबीनचं भुसकट आणि आठवडी बाजाराचा कचरा टाकून, वर जिवाणूंचं द्रावण शिंपडून पंचेचाळीस दिवसांत खत करून दाखवायचं होतं. ते झालं की प्रबंध पुरा. ईरण्णांना त्यात स्वच्छ गावाचं बक्षीस दिसत होतं, म्हणून त्यांनी खड्ड्यांना टँकरचं पाणी द्यायचं कबूल केलं. शिवाय अकरा घरांना पाच-पाच लिटरचे कॅन वाटले, सोबत छापील कागद. काडीकचऱ्याची कुट्टी करा, थर लावा, गूळपाणी शिंपडा, द्रावण शिंपडा, ताडपत्रीनं झाका, ओल ठेवा, आठवड्यातून एकदा उलथा.

समृद्धीला चांगलं बोलता यायचं. ती म्हणाली, म्हशीच्या पोटात जे काम चालतं तेच आपण पोटाबाहेर करून घेणार आहोत. हे वाक्य तिनं घरी बसून जुळवलेलं होतं आणि ते लोकांना आवडलं. मागून हरणाबाईनं विचारलं की मग ती काडी पचायला हलकी होत आसंल न्हवं. समृद्धी त्या वेळी कॅनची झाकणं मोजत होती. प्रश्न तिनं ऐकला, म्हातारीला विषय कळला याचं तिला कौतुकही वाटलं, आणि ती म्हणाली, अगदी हलकी होते मावशी.

उत्तर बरोबर होतं. जिवाणूला पचायला हलकी.

हरणाबाईला कुणी खुळी म्हणू नये. दोन वर्षांपूर्वी दूध संकलन केंद्रावर आलेल्या डॉक्टरांनी बायकांना कडब्यावरची युरिया प्रक्रिया शिकवली होती. कुट्टी करायची, थर लावायचे, युरिया आणि गूळ पाण्यात कालवून शिंपडायचं, ताडपत्रीनं झाकायचं, एकवीस दिवसांनी उघडायचं. काडी मऊ होते आणि जनावर ती सगळी खातं. गावात हे नीट केलं ते हरणाबाईनंच, आणि म्हशीनं गव्हाण चाटून साफ केली होती. आता समृद्धीबाईंचा कागद अयोध्याबाईंनी वाचून दाखवला: कुट्टी, थर, गूळपाणी, ताडपत्री. शब्दन्‌शब्द ओळखीचा. फक्त युरियाच्या जागी तिच्याच म्हशीच्या पोटातलं औषध. विकतच्या खतापेक्षा ते चांगलंच असणार की. चाऱ्यावर मारू नका, असं कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. काडेपेटीवर तरी कुठं लिहिलेलं असतं, घराला लावू नका म्हणून.

तरी तिनं आधी वीस पेंढ्यांवर करून बघितलं. पाचव्या दिवशी थोडी कुट्टी काढून म्हशीपुढं टाकली. म्हशीनं ती फस्त केली आणि रिकामी पाटी ढोसली. गुळाची गोडी होती ती. हरणाबाईनं ती औषधाच्या गुणाची धरली.

मग तिनं गावातल्या गोरोबाचं कडबाकुट्टीचं यंत्र तीन दिवस आणलं. रोजच्यासाठी सव्वाशे पेंढ्या बाजूला काढल्या आणि राहिलेली सगळी गंजी कापून थरावर थर लावले. बोअर दिवसाला वीस मिनिटं चालायचा, तेवढ्यात हंडे भरून ठेवायचे आणि त्यांतले चार ताडपत्रीखाली जायचे. स्वतःच्या आंघोळीला तिनं दिवसाआड केलं. कागदात लिहिलं होतं ते सगळं केलं, अगदी आठवड्यातून एकदा उलथणंसुद्धा, सासष्ट वर्षांच्या पाठीनं.

एकविसाव्या दिवशी ताडपत्री उचलली तर आतून वाफ आली. हात घालवेना, इतकी ऊब. म्हशीपुढं पाटीभर ठेवलं, तिनं फुसकारा टाकून तोंड फिरवलं. हरणाबाईला वाटलं, कच्चं आहे अजून. विरजण लागायच्या आत भांडं हलवलं तर दही पातळ राहतं, तसं. तिनं परत पाणी मारलं आणि झाकलं. सव्वाशे पेंढ्या तोवर संपल्या होत्या. शेजारून दहा उसन्या आल्या, मग सुबाभळीचा पाला, मग बांधावरचं काय मिळेल ते.

इकडं शाळेमागच्या खड्ड्यांचं काय झालं? काहीच झालं नाही, हेच तर झालं. टँकर पहिले चार दिवस आला. पुढं गावालाच प्यायला कमी पडायला लागल्यावर तो खड्ड्यांना कोण देणार, हे ईरण्णांचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त ते त्यांनी समृद्धीला सांगितलं नाही. ऊन बेचाळीसवर. आठवडी बाजाराच्या कचऱ्यात निम्म्या पिशव्या. पंचेचाळीसाव्या दिवशी समृद्धीनं फावडं घातलं तेव्हा भुसकट टाकलं होतं तसं वर आलं, खडखडीत, वर दोन चपलांच्या पट्ट्या. प्रबंध द्यायची शेवटची तारीख पंधरा जून. मुदत दोनदा वाढवून घेतलेली, तिसऱ्यांदा मिळत नव्हती.

मग ती कॅन वाटलेल्या अकरा घरी फिरली. एकानं द्रावण संडासाच्या टाकीत ओतलं होतं. दोघांनी गटारीत. एकाकडं कॅन रिकामा करून रॉकेलला घेतला होता, आणि रॉकेल कुठून आणता हे तिनं विचारलं नाही. असं करत ती हरणाबाईच्या वाड्यामागं आली.

ताडपत्री बाजूला होती. खाली ढीग. काळा, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारख्या वासाचा. समृद्धीनं कोपरापर्यंत हात घातला. मूठ वर काढली, दाबली, उघडली. मूठ मोडली नाही आणि बोटांना चिकटलीही नाही. सात वर्षांत तिला असा नमुना मिळाला नव्हता. तिचा चेहरा एखाद्या पोरीसारखा फुलला. हे इथं मांडून ठेवायला हवं, कारण पुढं तिनं जे काही सोसलं त्याच्या आधी हा आनंद आहे, आणि तो हरणाबाईनं बघितला.

"मावशी, हे कशाचं केलंत?"

"कडब्याचं. समद्या गंजीचं." हरणाबाई उंबऱ्याला टेकून उभी होती. "बाई, मला येक सांगा. म्हैस हे काऊन खाईना?"

समृद्धीच्या मुठीतलं खत तसंच राहिलं. मग तिनं सांगितलं, जितकं हळू सांगता येईल तितकं, की हे खायचं नाही. हे खत आहे. काडीत जे खाण्यासारखं होतं ते जिवाणूंनी खाल्लं.

"समदं?"

"सगळं."

हरणाबाईनं ढिगाकडं बघितलं, मग दावणीकडं. "मंजे माझ्याच म्हशीच्या पोटानं माझ्या म्हशीचं खाल्लं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. मग तिनं समृद्धीला हात धुवायला तांब्याभर पाणी दिलं, आणि त्या महिन्यात हिवरवाडीत तांब्याभर पाणी ही बारीक गोष्ट नव्हती.

समृद्धीनं तिथूनच तिच्या मार्गदर्शकांना, श्रीशैल सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. सरांनी विचारलं, किती दिवस लागले? एक्केचाळीस. कुट्टीचा आकार? ओल किती? फोटो काढलेत का? ती म्हणाली, सर, त्यांचा चारा गेलाय. सर म्हणाले, वाईट झालं, पण ते तुमच्या प्रबंधाच्या चौकटीत येत नाही. तुमच्या चौकटीत एवढंच येतं की कडबा कुजला.

तिनं फोटो काढले. ढिगाचा, मुठीचा, आणि ढिगाशेजारी उभ्या हरणाबाईचा. लाभार्थीच्या समाधानपत्रावर अंगठा घेताना कागद हरणाबाईनंच नीट धरला. पुढचे आठ दिवस समृद्धी कडबा शोधत फिरली. मेमध्ये तालुक्यात कडबा कुणाकडं नसतो, असला तर तो विकायचा नसतो. शेवटी तिनं सरकी पेंडेची दोन पोती आणून टाकली. हरणाबाईनं घेतली. नको म्हणण्याइतकी ऐपत तिच्याकडं उरली नव्हती. जाताना मात्र तिनं एक मागणं केलं.

"बाई, पुस्तकात लिव्हा. हरणीनं चारा म्हणून केलं आन् खत झालं, आसं लिव्हा. दुसरी कुनी करंल न्हायतर."

समृद्धी हो म्हणाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात म्हैस उमरग्याच्या बाजाराला गेली. गिऱ्हाइकानं बरगड्या बघून भाव केला. दोन पोती पेंड आणि सुबाभळीच्या पाल्यावर वगार तेवढी तगली. जावई आला, आदरानं तेच म्हणाला, हरणाबाईनं वगारीकडं बोट दाखवलं. वरसभरात ही गाभण राहील, इल्यावर दूध सुरूच होतंय, मग कशाला. जावई चहा पिऊन परत गेला.

आणि समृद्धीनं वाक्य लिहिलं. तीनदा लिहिलं. पहिल्यात सगळं होतं, ते सरांनी खोडलं. दुसऱ्यात निम्मं होतं, तेही खोडलं. तिसरं राहिलं: "एका शेतकरी महिलेने स्वयंस्फूर्तीने ज्वारीच्या कडब्यावर हा प्रयोग केला व एक्केचाळीस दिवसांत उत्कृष्ट खत प्राप्त झाले." यातला एकही शब्द खोटा नाही. तपासून बघा.

खत उत्कृष्ट होतं यात शंकाच नाही. ते शेतात पडलं, भागवतच्या सोयाबीनला लागू झालं, आणि हरणाबाईच्या वाट्याला एक पोतं जास्त आलं. जमेच्या बाजूला हेही धरायलाच हवं. पोत्याला पान्हा फुटत नाही, एवढंच.

फेब्रुवारीत महाविद्यालयाच्या सभागृहात समृद्धीची तोंडी परीक्षा झाली. अशी परीक्षा सगळ्यांसमोर होते, कुणीही येऊन बसावं. ईरण्णा जीप भरून माणसं घेऊन आले आणि हरणाबाईला पुढच्या रांगेत बसवलं, कारण शेवटी लाभार्थीचा सत्कार होता. शाल आणि नारळ टेबलावर मांडून ठेवलेले होते. समृद्धीनं पडद्यावर कडी दाखवली, तक्ते दाखवले, मग ढिगाशेजारी उभी हरणाबाई दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेरून आलेले परीक्षक परंड्याकडचे, केस पिकलेले. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "कडबा? उन्हाळ्यात? आमच्या घरी कडब्याची काडी सांडली तर आई उचलून घ्यायची. खताला कडबा कोण देतं?"

समृद्धी माईकपाशी उभी होती. तिनं तोंड उघडलं. काय बोलणार होती हे तिलाही सांगता येणार नाही. आठ वर्षांचे तास, सात वर्षांचं शेण, आणि त्या फोटोखालची एक ओळ, हे सगळं एका वेळी समोर उभं राहिलेलं. श्रीशैल सर पाण्याची बाटली उघडत होते आणि ती काही केल्या उघडत नव्हती.

परीक्षकांनी पुढच्या रांगेकडं बघितलं. "याच का त्या? मावशी, तुम्हीच सांगा. कडबा जास्तीचा होता का?"

हरणाबाई उठली. तिनं आधी समृद्धीकडं बघितलं, पडद्यावरच्या नव्हे, खऱ्या. मग पदर सावरला.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "जास्तीचा हुता."

परीक्षकांनी चष्मा परत घातला. माणूस शेतकऱ्याच्या पोटचा होता, त्याला कळलं नसेल असं वाटत नाही. पण लाभार्थीनं स्वतः सांगितल्यावर पुढं विचारायला कागदात जागा नव्हती. पंधरा मिनिटांत निकाल झाला. शाल हरणाबाईच्या खांद्यावर ईरण्णांनीच घातली.

त्या वर्षी रब्बीला ओलच नव्हती, ज्वारी बऱ्याच जणांनी पेरलीही नाही. मार्चमध्ये पंचायतीनं चाऱ्याची यादी केली: ज्यांच्याकडं चारा नाही आणि दावणीला जनावर आहे, त्यांना वैरण मिळणार. हरणाबाईची वगार तेव्हा पाच महिन्यांची गाभण. यादी वाचली, तिचं नाव नव्हतं. ती ईरण्णांकडं गेली. ईरण्णा अगदी अडचणीत सापडल्यासारखे म्हणाले, हरणाक्का, म्या काय करू, तुमी भर सभेत साहेबापुढं म्हणला कडबा जास्तीचा हुता. आता तुमचं नाव घातलं तर लोक मला खातील. अयोध्याबाई आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन त्यांनी हरणाबाईला चहा दिला, यादीवर सही मात्र आधीच झालेली होती.

समृद्धीला हे कळलं तेव्हा ती त्याच दिवशी आली. पंचायतीत जाऊन खरं सांगते म्हणाली. हरणाबाईनं तिला खाली बसवलं. म्हणाली, तुमी खरं सांगितलं तर तुमची डिग्री जाईल, आन् माझं खोटं समद्या तालुक्यात हुईल. वैरण तरीबी येनार न्हाय. समृद्धी बसून राहिली. ती गेली नाही पंचायतीत. खरं तर म्हातारीनं अडवलं नसतं तर ती गेली असती का, हे तिनं स्वतःलाही अजून विचारलेलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गाभण वगारही उमरग्याच्या बाजाराला गेली. चार दिवसांनी जावई आला.

आता भरलं कुणी ते मांडू. समृद्धीच्या नावाआधी डॉक्टर लागलं. कायम जागेची जाहिरात काही निघालेली नाही, ती तासांवरच आहे. श्रीशैल सरांचा एक शोधनिबंध वाढला, त्यावर पहिलं नाव त्यांचं आहे. हिवरवाडीला स्वच्छ गावाचं दुसरं बक्षीस आलं आणि पंचायतीच्या भिंतीवर ढिगाशेजारी उभ्या हरणाबाईचा फोटो लागला. या सगळ्यांत कागदावर किंवा तोंडी खोटं कुणी बोललेलं नाही. खोटं एकटी हरणाबाई बोलली, चार शब्द, तेही दुसऱ्यासाठी. त्याचं आणि त्याआधीचं मिळून तिनं दिलं ते असं: एक म्हैस, एक गाभण वगार, आणि वाशीच्या गाडीत बसण्याआधी स्वतःच्या हातानं कुलूप लावलेलं एक दार.